कडूबाईनं जीप पारखली

कडूबाईच्या आधी झालेली दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून आईनं हिचं नाव कडू ठेवलं. नाव कडू असलं की नजर लागत नाही म्हणे. पोरगी जगली, पण जगाच्या नजरेवरचा आईचा तो संशय लेकीच्याही अंगात मुरला. लग्नानंतर नवऱ्यानं बाजारातून पहिली म्हैस आणली. कास टरारलेली, बघणारा बघतच राहावा अशी. चौथ्या दिवशी दूध निम्म्यावर आलं. विकणाऱ्यानं दोन दिवस धारच काढली नव्हती. त्या दिवसापासून कडूबाईनं कुणाच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला नाही.

आता ती बावन्न वर्षांची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. कळंबपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या तिच्या गावाभोवती अकरा वस्त्या आहेत, त्यांचं दूध गोळा करून ती डेअरीला घालते. प्रत्येक वस्तीवर उतरून कॅनमध्ये स्वतः हात घालून बघते, हुंगते, मग मोजते. गाडी चालवतो तिचा चुलतपुतण्या रणधीर. तोही सहा वर्षांपासूनच.

गेल्या भाद्रपदात त्यांचा छोटा टेम्पो काळ्या रानात आसापर्यंत रुतला. ट्रॅक्टर येऊन ओढेस्तोवर दुपार टळली आणि सगळं दूध नासलं. त्या दिवशी कडूबाईनं ठरवलं, चारी चाकं ओढणारी गाडी घ्यायची. नवी झेपणारी नव्हती, म्हणजे वापरलेली.

"डिझेलच घेऊ काकू," रणधीर पहिल्याच दिवशी म्हणाला. "चिखलात जोर डिझेलचा. पेट्रोलची जीप नुसती पिती. कळंबात एक हाय, म्या बघून आलोय."

जोराचं तिला पटलं. पण 'बघून आलोय' हे खटकलं. न सांगता कशाला गेला?

गावात वैजनाथ नावाचा मिस्त्री ट्रॅक्टरची इंजिनं खोलतो. कडूबाई त्याच्याकडं गेली. तो म्हणाला, "डिझेल चांगलंच, पण जुनं डिझेल घ्यायचं तर गार असताना चालू करून बघा. गरम इंजिन कुणाचंबी चालू होतं. आन् चालू झाल्यावर तेलाचं झाकण उघडा. तिथनं धूर भकभक यायला लागला तर समजा, आतून झिजलंय."

कळंबात व्यापाऱ्याच्या पत्र्याच्या शेडसमोर जीप पुसून उभी केली होती. सकाळचे आठ वाजले होते. व्यापारी बोलत असताना कडूबाईनं सहज टेकल्यासारखा बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट कोमट होतं.

"आत्ताच पेट्रोलपंपावर जाऊन आलो," व्यापारी म्हणाला.

"बरं. मग गार होऊ द्या. आमी बसतो."

"दोन-तीन तास लागतील की वो."

"लागू द्या."

ती खरंच शेडच्या कडेला पोत्यावर बसली. रणधीर शरमेनं रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. व्यापाऱ्यानं दोनदा चहा पाजला, एकदा दुसरं गिऱ्हाईक येणार असल्याचं सांगितलं, एकदा चावी घेऊन "जरा सावलीत लावतो" म्हणाला. "सावलीत ढकलत नेऊ, तिघं हाव की," कडूबाई म्हणाली. त्यानं चावी खिशात ठेवली.

साडेअकराला तिनं पुन्हा हात लावला आणि रणधीरला चावी फिरवायला सांगितली. इंजिन घरघरत राहिलं. चौथ्या वेळी कसंबसं पेटलं आणि मागं पांढरा धूर शेडभर झाला. तिनं तेलाचं झाकण उघडायला लावलं. तिथूनही धूर उसळला. व्यापारी फोनवर बोलत आत निघून गेला.

एसटीत ती रणधीरशेजारीच बसली. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर म्हणाली, "तुला काय द्यायचं कबूल केलं हुतं त्यानं?"

रणधीर थांबला. "कायबी न्हाय, काकू."

"मग डिझेल डिझेल का करत हुतास?"

"मला ती जीप आवडली हुती. तिचा आवाज आवडला हुता. बस."

तो पुढं निघून गेला. त्यानंतर तो रोज वेळेवर येई, गाडी चालवी, पण विचारल्याशिवाय एक शब्द बोलत नसे. ह्या गप्प राहण्यातही काही लपलंय का, हे कडूबाई आरशातून त्याच्या तोंडाकडं बघून ताडत राही.

महिन्याभरानं वैजनाथनंच अणदूरच्या जीपची खबर आणली. पेट्रोलची, जुनी, चारी चाकांची. मालक ईरण्णा, उसाचा शेतकरी. कडूबाई रणधीरला घेऊन गेली. जीप रात्रभर झाडाखाली उभी होती, वर पानं पडली होती. चावी फिरवताच चालू झाली.

"अक्का, आधीच सांगतो," ईरण्णा म्हणाला, "ही दहा-अकराच्या वर ॲव्हरेज देत न्हाय. चढाला रेस जास्त द्यावी लागती. पण अंगानं हलकी हाय, चिखलात बुडत न्हाय."

आपल्या मालाची खोड आपणहून सांगणारा माणूस तिनं आजवर बघितला नव्हता. हा एवढं सांगतोय, म्हणजे न सांगितलेलं केवढं असंल?

तिनं टाकी तोंडापर्यंत भरायला लावली. सहा कॅन पाण्यानं भरून मागं चढवले. उसाला पाणी सोडलेल्या बांधावरनं, ओढ्यातनं, डांबरीवरनं पन्नास किलोमीटर फिरवलं. एका ठिकाणी चाकं घसरली. रणधीरनं खालचा गिअर टाकला, जीप डुलत वर आली. पुन्हा टाकी भरली तेव्हा पावणेपाच लिटर बसलं. माणूस खरं बोलला होता.

"मग विकताय कशापायी?" तिनं विचारलं.

ईरण्णा उसाकडं बघत म्हणाला, "दुसरी घ्यायचीय."

हे खोटं होतं. तिला लगेच कळलं. पाणी प्यायच्या निमित्तानं ती घरात गेली. ईरण्णाची बायको शांताक्का चुलीपाशी होती. दुसरी गाडी कुठली घेताय, असं कडूबाईनं तिला विचारलं.

"दुसरी कुठली घेताव," शांताक्का हळू आवाजात म्हणाली. "डोळ्यांनी दिसत न्हाय त्यांना. मागल्या महिन्यात जीप बांधावर चढिवली. कुणाला सांगू नका, लई लागंल त्यांना."

कडूबाई बाहेर आली. ईरण्णा बॉनेटवरची पानं हातानं चाचपून काढत होता. तिनं घासाघीस केली नाही. "घेतो आमी," एवढंच म्हणाली.

जीप आल्यावर महिन्यानं कळंबच्या बाजारात तोच व्यापारी भेटला. हसत म्हणाला, "तुमचं पोरगं येडं हाय. म्या दलाली देत हुतो, त्यानं घेतली न्हाय." लबाडाच्या तोंडचं खरं धरावं तरी कसं? घरी येईपर्यंत वाटभर ती हेच घोळवत राहिली. सहा वर्षांत एकाही दिवशी रणधीरच्या पैशांच्या हिशेबात तिला फरक सापडला नव्हता. सापडेल म्हणून रोज बघत मात्र होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे रणधीर हॉर्न वाजवून थांबला. कडूबाई दारात आली, पण चढली नाही.

"आज तू एकटा जा. माप तूच घे."

रणधीरनं इंजिन बंद केलं. "बरं न्हाय का तुमाला?"

"बरी हाय. जा."

सकाळभर तिला काही सुचलं नाही. दोनदा अंगण झाडलं. अकराला जीप आली, दारांपर्यंत चिखलानं माखलेली. त्यानं डेअरीच्या पावत्या तिच्यापुढं धरल्या. तिनं त्या न वाचता कनवटीला लावल्या आणि विचारलं, "खालच्या रानातली वाट कशी हाय?"

"लई खराब," तो म्हणाला. "पण निघाली." मग दोन महिन्यांत पहिल्यांदाच आपणहून पुढं बोलला, "पेट्रोल जास्त लागलं मात्र."

"लागणारच," कडूबाई म्हणाली आणि त्याच्यासाठी भाकरी काढायला आत गेली.