पिशवीत काय होतं

परळच्या पालिकेच्या ज्या रुग्णालयात मी परिचारिका आहे, तिथल्या तातडीच्या विभागात काही वर्षांपूर्वी एक चाचणी चालू होती. नातेवाइकांना ती समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. जंतुसंसर्ग रक्तात भिनून रक्तदाब ढासळलेला पेशंट आला, की त्याची प्रतिजैविकं, सलाईन सगळं नेहमीसारखं सुरू व्हायचं. शिवाय दर सहा तासांनी आणखी एक पिशवी लागायची. निम्म्या पेशंटांच्या पिशवीत क जीवनसत्त्व, तेही भरपूर, आणि बाकीच्यांच्या पिशवीत नुसतं सलाईन. कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरांना माहीत नसे, मलाही नसे. औषधाला पिवळट झाक असते, म्हणून पिशवीवर काळं प्लास्टिक आणि नळीसुद्धा तपकिरी रंगाची.

लोक विचारायचे, "सिस्टर, व्हिटॅमिन सी म्हंजे लिंबूच ना? मग लिंबूपाणी पाजू का?" पेशंटच्या घशात नळी, आणि यांना सरबत पाजायचंय. मी चिडायची. माझा स्वभाव मुळात तिखट, त्यात बारा तासांची ड्यूटी. "हे औषध लागू पडतं का, तेच आम्हाला माहीत नाही. तेच शोधतोय," हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं होतं की त्याचा अर्थ माझ्या कानांपर्यंत पोचायचा बंद झाला होता.

एक नियम मात्र मी डोळ्यांत तेल घालून पाळायला लावायची. बोटाला टोचून साखर बघायचं जे छोटं मशीन असतं, ते या जीवनसत्त्वाला फसतं. साखर वाढलेली नसतानाही भरमसाट आकडा दाखवतं. त्या आकड्यावर विसंबून कोणी इन्सुलिन दिलं तर पेशंट हातचा जायचा. म्हणून चाचणीतल्या प्रत्येकाचं रक्त प्रयोगशाळेतच पाठवायचं. 'साखर बोटावर तपासू नये' अशी पाटी लाल शाईने माझ्याच हातांनी लिहून मी प्रत्येक खाटेला लावली होती.

त्यातल्या एका खाटेवर माझे वडील आले.

बाबा आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर त्यांनी रखवाली केली. तिथेच पायात खिळा घुसला. मधुमेह जुना, पाय बधिर, दुखलं नाही म्हणून दाखवलं नाही. मुलगी रुग्णालयात नोकरीला, आणि बाप जखमेत हळद भरून मोजा घालून बसलेला. अँटॉप हिलला माझ्या घरी येऊन ते त्या पायाने दोन जिने चढून गेले होते आणि मला काही कळलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

घोडपदेवच्या चाळीतून शेजाऱ्यांनी त्यांना टॅक्सीत घालून आणलं, तो गणेशचतुर्थीचा आदला दिवस होता. लालबागच्या रस्त्यावर मंडपांची आणि माणसांची एवढी गर्दी की टॅक्सी मुंगीच्या पावलांनी आली. बाबा तापाने फणफणलेले, बरळत होते. रक्तदाब बघितला, तो ढासळलेला होता.

स्वतःच्या माणसाचं काम मी करायचं नाही, असा दंडकच होता. म्हणून माझ्या जागी एक तरुण डॉक्टर आईसमोर बसला आणि त्याने चाचणीची माहिती वाचून दाखवली. सगळी वाक्यं माझीच. औषध लागू पडतं का, माहीत नाही. तुमच्या माणसाला ते मिळेल की नाही, तेही सांगता येणार नाही. आईने माझ्याकडे बघितलं. "काय गो, करूया सही?" मी मान हलवली. आईने सही केली आणि काळी पिशवी बाबांच्या उशाशी लटकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाहून काकांचा फोन आला. बाबांचे हे एकच भाऊ, वयाने थोरले, मालवणकडचं घर सांभाळणारे. घरात पाच दिवसांचा गणपती असतो. दरवर्षी बाबा चतुर्थीला गावी जायचे आणि दोघं भाऊ मिळून मूर्ती आणायचे. त्या वर्षी काकांनी एकट्यानेच आणली होती.

"देव आताच पाटार बसलो हा गो. पूजा शेजारी करतीत, तेचा काय नाय. मी येव काय? तू थय आसस. तू सांगशीत तसा करतंय."

मी म्हटलं, दुपारपर्यंत सांगते.

त्या दुपारी मी काय केलं ते मला लख्ख आठवतं. प्रयोगशाळेसाठी बाबांचं रक्त काढून झालं होतं. वॉर्डात तेवढ्यापुरतं कोणी नव्हतं. मी एप्रनच्या खिशातून मशीन काढलं आणि माझ्याच पाटीखाली, बाबांच्या बोटाला टोचलं. मला त्यांची साखर बघायची नव्हती. मला पिशवीत काय आहे ते बघायचं होतं. पाटी लिहिणाऱ्या बाईलाच ही चोरवाट ठाऊक असणार.

मशीनवर आकडा आला चारशेच्या पुढे. तासाभराने प्रयोगशाळेचा आला, एकशे सत्तर.

म्हणजे मशीन फसलं होतं. पिशवीत जीवनसत्त्व होतं. मी संडासात जाऊन दार लावून घेतलं आणि आनंदाने रडले. किती वर्षांत एवढी खूश झाले नव्हते.

बाहेर येऊन आईच्या कानात सांगितलं, "बाबांना खरं औषध चाललंय. कोणाला बोलू नको." आईने पदर डोळ्यांना लावला. आणि मग मी काकांना फोन केला. "काका, खरं औषध मिळालंय त्यांना. तुम्ही देव सोडून येऊ नका. गौरी-गणपतींचं विसर्जन करा आणि निवांत या. तोपर्यंत बाबा उठून बसतील." काका म्हणाले, "देवानच केल्यान गो बाय." मी त्यांना अडवलं नाही. देवाने नाही, मी केलं, असंच मनात वाटत होतं.

खरं औषध. हा शब्द मी कोणाही नातेवाइकाच्या तोंडी चालू दिला नसता. "खरं-खोटं असं काही नाही, अजून काही सिद्ध झालेलं नाही," असं फाडकन सुनावलं असतं. बाप खाटेवर पडल्यावर माझी सगळी हुशारी त्या मशीनच्या इवल्याशा पडद्यात जाऊन बसली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी चाळीतल्या बायका मोसंबीचा रस घेऊन आल्या. आई त्यांच्याशी हसून बोलली. बाबांना त्या सकाळी थोडी शुद्ध आली होती. त्यांनी मला ओळखलं आणि विचारलं, "दादा इलो?"

"येतायत," मी म्हटलं. "विसर्जन झालं की येतायत."

त्यांनी दाराकडे मान वळवली आणि तशीच ठेवली. मी ती सरळ केली, तर पुन्हा तिकडेच. संध्याकाळपर्यंत लघवी थांबली. पुढच्या सकाळी, चतुर्थीपासून तिसऱ्या दिवशी, बाबा गेले. काळी पिशवी अर्धी भरलेली होती.

गावी फोन लावायला माझा हात धजेना. शेवटी आईने लावला.

आमच्याकडे भावकीत कोणी गेलं की सुतक लागतं, आणि सुतकातल्या माणसाने देवाला हात लावायचा नसतो. फोन ठेवल्या क्षणापासून काकांना स्वतःच्याच घरातला गणपती परका झाला. भावकीबाहेरच्या शेजाऱ्यांनी तो उचलला आणि आरती नाही, ढोलकी नाही, तसाच नेऊन वहाळाच्या पाण्यात सोडला. गौरी यायच्याच होत्या, त्या आल्याच नाहीत. ज्या देवासाठी काका थांबले होते त्याला ते वाटेपर्यंत पोचवायलाही गेले नाहीत. घरापुढच्या खळ्यात उभे राहून बघत होते, असं काकीने नंतर सांगितलं.

मुंबईचा रस्ता गणपतीच्या गाड्यांनी तुंबलेला. काका पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. चाळीच्या पायरीवर बसून त्यांनी चपला काढल्या आणि मला म्हणाले, "तू सांगलंस म्हणान रवलंय गो." रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त सांगितलं.

दिवस झाल्यावर मी कामावर गेले आणि चाचणीच्या प्रमुख मॅडमना मशीनची गोष्ट सांगितली. त्यांनी ती नोंदवून घेतली, माझ्याकडून ते काम काढून घेतलं. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पिशवीत काय आहे ते तुला कळलं. त्याने माणूस वाचतो का, ते कोणाला कळलं होतं?" माझंच वाक्य होतं ते.

पुढे चाचणी संपली. काळं प्लास्टिक घातलेल्या सगळ्या पिशव्यांचा उलगडा झाला. आमच्याकडे तरी जीवनसत्त्वाने काही फरक पडलेला नव्हता. ज्यांना मिळालं तेही गेले, ज्यांना नाही मिळालं तेही गेले, आणि वाचायचे ते दोन्हीकडचे वाचले. मी मॅडमना बाबांचं विचारलं. त्यांनी यादी बघून मान हलवली. जीवनसत्त्वच होतं. मी अचूक ओळखलं होतं.

बाबांना मी तसंही वाचवू शकले नसते, हे मला पटलं आहे. पण त्या मान वळवलेल्या माणसाला दारात भाऊ दिसू शकला असता. त्याला औषध लागत नव्हतं, गाडीचं एक तिकीट लागत होतं. तेवढं माझ्या हातात होतं आणि तेवढंच मी होऊ दिलं नाही. याच्यावर कसलाही उतारा नाही. मी शोधायचंही सोडून दिलंय.

काका आता थकले आहेत. दरवर्षी चतुर्थीच्या आधी फोन करतात, गावी ये म्हणतात. मी ड्यूटीचं कारण सांगते. गेल्या वर्षी बोलता बोलता मध्येच थांबले आणि म्हणाले, "एक इचारू? तो खरा औषध होता मा गो?"

"होय काका. खरंच होतं."

"मगे?" ते म्हणाले.