मूव्ह द्यायचं का अटॅक?

रशीदभाईच्या टेलरिंगच्या दुकानात कातरणाचा ढीग कुणी न सांगता वाढतो, तसे आमच्या खेळाचे किस्सेही वाढत गेले. दुपारी बेंबळीत गिऱ्हाईक नसलं की आम्ही चौघं मोबाइलवर लढाई खेळतो. मी, रशीदभाई, किराणावाले महादप्पा आणि अंगणवाडीतून रिटायर झालेल्या सुनंदाबाई. समोर कधी ईट गावचा गट, कधी अणदूरचा.

खेळात हुकूम दोनच. मूव्ह दिलं की फौज मुकाट चालत राहते, कुणी मारलं तरी हात उचलत नाही. अटॅक दिलं की वाटेत दिसेल त्याच्याशी भिडते. कुठं कोणता द्यायचा, एवढंच शिकायचं. शाळा कमी झाली तरी तेवढं मला येतं.

*

पहिल्याच लढाईत रशीदभाईनं घाईत मूव्ह दाबलं. त्याची फौज ईटवाल्यांच्या छावणीत जाऊन रांगेत उभी राहिली. एकेक जण मार खाऊन आडवा झाला, पण कुणी तलवार उपसली नाही!

"अहो, भांडा की!" सुनंदाबाई ओरडल्या.

"शरीफ लोकं हायत माझी," रशीदभाई म्हणाला. "दावतीला गेल्यावानी उभी ऱ्हायली!"

*

सुनंदाबाईंचं उलट. सैनिकाला जरा लागलं की मूव्ह देऊन माघारी. एकदा तर जिंकत आलेल्या लढाईतून सगळी फौज घरी आणली.

"बाई, गड पडतच होता की!"

"पडंल उद्या. आधी माझ्या लेकरांना बसू द्या जरा!"

दुसऱ्या दिवशी त्याच लेकरांनी गड घेतला.

*

माझं बोट सावकाश चालतं. एकदा ईटची फौज पुढ्यात, आणि सगळे ओरडतायत, "आबा, अटॅक!" मी चष्मा पुसून बटण शोधेपर्यंत ईटवाल्यांना वाटलं, म्हातारा हलत न्हाय म्हंजी मागं सापळा हाय. पळाले!

"लई भारी डाव टाकलात, आबा!"

मी नुसती मान हलवली.

*

महादप्पांना अटॅकशिवाय बटण ठाऊक नाही. फौज लाकडं आणायला पाठवली, तर ती वाटेत लांडग्याशी भांडली, मग एका ओसाड बुरुजाशी. मागं किल्ला गेला!

"दिसलं की भिडायचं. आपला स्वभावच हाय," महादप्पा म्हणाले.

"म्हणून तर सख्ख्या भावाशी बोलणं बंद!" सुनंदाबाई म्हणाल्या.

पुतण्याच्या लग्नात मानाचा फेटा आधी दुसऱ्याला बांधला, म्हणून महादप्पा अणदूरच्या मांडवातून न जेवता उठून आले होते. तेव्हापासून धाकट्या भावाशी, शिवलिंगशी, अबोला. पण शिवलिंग अणदूरच्या गटात खेळतो हे कळल्यापासून महादप्पा एकही दुपार चुकवत नाहीत!

*

परवा अणदूरशी लढाई होती. शेवटी एकच किल्ला उरला, शिवलिंगचा. तो पडला की आम्ही पहिले. जवळ फौज होती ती महादप्पांचीच.

"शेठ, आला बघा तुमचा दिवस!" रशीदभाई म्हणाला. "द्या अटॅक!"

महादप्पांनी बोट टेकवलं. फौज निघाली. बुरुजावरून बाण आले, माणसं पडू लागली, पण वळून कुणी मारेना.

"शेठ, चुकलं! मूव्ह दाबलंत तुमी!"

"दिसतंय मला."

"मरतील की सगळी!"

"ऱ्हाऊ द्या, रशीदभाई," मी म्हणालो.

अर्धी फौज पडली. उरलेली तशीच चालत दरवाजाशी पोचली. आणि एकाएकी बाण थांबले. दरवाजा उघडला. आतली फौज मूव्हवर चालत दोन्ही अंगांना सरकली आणि मधली वाट मोकळी झाली.

पडद्यावर शिवलिंगचा मेसेज आला.

"अण्णा, आता जेवूनच जावा."