मोठ्याबाईंच्या महालक्ष्म्या

देवाशी बोलताना माणसं आवाज मऊ करतात. आमच्या मोठ्याबाई करत नसत. भाद्रपदात महालक्ष्म्यांचे मुखवटे दोन हातांत धरून त्या अंगणातून घरात यायच्या, मागून आम्ही ताट-घंटा वाजवत. मग रिवाजाप्रमाणे सगळं घर देवीला दाखवायचं. इतरांकडे बायका 'हे धान्याचं कोठार, हे दूधदुभतं' असं पाठ केल्यासारखं म्हणतात. मोठ्याबाई म्हणायच्या, "हा कोठा. सध्या रिकामा हाय, सोयाबीन आलं का भरीन. हे मोटारीचं स्टार्टर, दोनदा जळालं, याच्याकडं ध्यान ठेव माय. अन् इथं फरशी ओली हाय, सांभायून ये." आम्ही मागे तोंडाला पदर लावून हसायचो. देवी हसत होती की नाही ठाऊक नाही, पण दरवर्षी येत होती.

मोठ्याबाई माझ्या थोरल्या जाऊ. चांदूर रेल्वेला गाडीतून उतरून पुढे अर्धा तास ऑटोने गेलं की आमचं गाव. सहा एकर काळी जमीन, टिनाच्या छपराचं तीन खोल्यांचं घर, बाजूला गोठा. शेती भासरे पाहायचे, म्हणजे माझे थोरले दीर. आम्ही धाकटे अकोल्याला. हे नोकरीत आणि मी शाळेत शिकवायला. महालक्ष्म्या थोरल्या घरी, म्हणून आम्ही दरवर्षी दोन पिशव्या आणि तीन दिवसांची रजा घेऊन तिकडे जायचो आणि सण केल्याच्या समाधानात परत यायचो. सण केला होता मोठ्याबाईंनी, हे मला फार उशिरा उमगलं.

त्यांचा सण मृगात सुरू व्हायचा. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. भासरे तूर-सोयाबीन पेरायचे तेव्हा मोठ्याबाई ओच्यात बिया घेऊन धुऱ्याने, शेताच्या बांधाने, चालायच्या. चवळी, गवार, भेंडी, दोडका, कारलं, पडवळ, अंबाडी, लाल भोपळा. कुठे काय टाकलं ते फक्त त्यांना ठाऊक. भाद्रपदात गुडघाभर चिखलातून त्याच धुऱ्याने त्या टोपलं घेऊन जायच्या आणि चौदा भाज्या घेऊन यायच्या. उरलेल्या दोन बाजारातून आणाव्या लागायच्या, त्याचा त्यांना दरवर्षी नव्याने राग यायचा. बटाटा त्या भाजीत धरत नसत. "त्याले काय, तो कोठीबी जाते," म्हणायच्या.

एका वर्षी मी शहाणपणा केला. अकोल्याच्या बाजारात सणाच्या दिवसांत सोळा भाज्यांचा चिरलेला वाटा मिळतो, तो प्लास्टिकच्या पिशवीतून घेऊन गेले. म्हटलं, यांचा चिखल वाचेल. मोठ्याबाईंनी पिशवी उघडली, बोटाने दोन-चार फोडी उलटसुलट केल्या आणि म्हणाल्या, "या भाज्यायची एकमेकीसंग ओळख तरी हाय काय वं?" मग पिशवी गाईपुढे रिकामी केली आणि टोपलं घेऊन धुऱ्याकडे गेल्या. मला वाईट वाटलं, पण गाईने आवडीने खाल्लं.

दुसरा दिवस जेवणाचा. सगळं गाव नसलं तरी अर्धं गाव जेवायला. पहाटेपासून चुलीवर पुरण, दुसऱ्या चुलीवर ज्वारीची आंबील, गॅसवर कढी. मोठ्याबाई सोवळ्याचं लुगडं नेसून तिन्हीकडे. मी पोळ्या लाटायला बसायची, माझी पोळी फुटायची, त्या ती उचलून बाजूला ठेवायच्या आणि मला वडे तळायला लावायच्या. आम्ही सगळे त्यांच्या पुरणाचं कौतुक करायचो. पंगतीत बसलेला प्रत्येक जण म्हणायचा, मोठ्याबाईंच्या हातचं पुरण कुठे मिळायचं नाही. कौतुक करायला काही लागत नाही, उठावंही लागत नाही. एकदा त्यांचे सुजलेले पाय पाहून मी म्हटलं, "दमलात ना मोठ्याबाई?" त्या पाटा धुता धुता म्हणाल्या, "थकाले बी येळ लागते सुमन, तो कोठून आणू?"

आता आमच्या घरचा एक रिवाज सांगायला हवा. मुखवटे थोरल्या सुनेकडेच राहणार. तिला होईनासं झालं, तर तिसऱ्या दिवशी निरोपाच्या आरतीनंतर घरातल्या दुसऱ्या सुनेने पुढे होऊन पदर पसरायचा आणि थोरलीने मुखवटे त्यात घालायचे. पण थोरलीने मागायचं नाही. 'मला होत नाही, तू ने' असं तोंडाने म्हणणं म्हणजे लक्ष्मीला घराबाहेर हो म्हणणं. पदर आपणहून पसरला गेला पाहिजे, नाहीतर मुखवटे पेटीत आणि पेटी पुन्हा वर्षभर फळीवर.

घरात सुना दोन. त्या आणि मी. म्हणजे सगळ्या घरात पदर एकच होता, माझा.

मी काय करायची ते सांगते. तिसऱ्या दिवशी आरतीच्या आधी मी मागच्या खोलीत जाऊन पंजाबी ड्रेस घालून यायची. दुपारची गाडी पकडायची, साडीवर प्रवास अवघड, असं म्हणायची. कुणी काही म्हणत नसे. ड्रेसला पदर नसतो. आरती संपली की मोठ्याबाई मुखवटे हातात घेऊन क्षणभर तशाच उभ्या राहायच्या. बघायच्या नाहीत कुणाकडे. मी पिशवीची चेन लावत बसायची. मग त्या मुखवटे जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवायच्या. असं मी एक-दोनदा नाही, बारा वर्षं केलं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, शाळा, मुलीची परीक्षा. कारणं सगळी खरी होती. खोटा फक्त ड्रेस होता.

त्यांना कळत नव्हतं असं नाही. एका वर्षी मला ऑटोपर्यंत सोडायला आल्या तेव्हा पिशवी हातात देत म्हणाल्या, "गाडीत साडीनं लय गरम होते काय वं?"

"हो ना, फार," मी म्हटलं.

"होत असन," त्या म्हणाल्या आणि माझ्या पिशवीत आणखी दोन पुरणपोळ्या कोंबल्या. त्या पोळ्या मी बडनेऱ्यापर्यंत मांडीवर घेऊन बसले होते. तरी पुढच्या वर्षी ड्रेस नेलाच.

मग ते साल आलं. पहिल्या दिवशी मोठ्याबाई मुखवटे घेऊन अंगणातून आल्या, दारात रांगोळीची पावलं काढलेली, आणि उंबऱ्याशी थांबल्या. आम्हाला वाटलं, काहीतरी बोलतायत. घंटा वाजतच राहिली. त्यांनी उजवा पाय उचलायचा प्रयत्न केला, उचलेना. गुडघा धरला होता. दोन्ही हातांत मुखवटे, त्यामुळे चौकटीला धरताही येईना. आधार द्यायला मी पुढे झाले तर मान हलवून नको म्हणाल्या. हातातल्या मुखवट्यांकडे बघून हळूच बोलल्या, "थांब माय. पाय उचलून नाही राहिला. थांब जराशी." घंटा आपोआप बंद पडली. आम्ही सगळे त्यांच्या पाठीशी उभे, आणि त्या स्वतःच्याच घराच्या दारात अशा उभ्या, जणू आत यायला कुणी म्हटलंच नाही. बऱ्याच वेळाने पाय निघाला. आत आल्यावर त्यांनी कोठा दाखवला, स्टार्टर दाखवलं, पण बोलल्या काही नाहीत. नुसत्या फिरून आल्या.

तिसऱ्या दिवशी मी सवयीने ड्रेसच घातला. खरं सांगते, काही ठरवलं नव्हतं. आरती झाली. मोठ्याबाई मुखवटे हातात घेऊन उभ्या राहिल्या. मुखवट्यांच्या नथी हलत होत्या. मी पिशवीची चेन लावायला वाकले आणि मला माझीच शिसारी आली. पुढे झाले तर पसरायला पदर नाही. मग गळ्यातली ओढणी काढली, डोक्यावरून घेतली आणि दोन टोकं धरून त्यांच्यापुढे पसरली.

शेजारच्या बायका कुजबुजल्या. एक म्हातारी स्पष्टच म्हणाली, "ओढणी कशी चालन वं? पदरच लागते."

मोठ्याबाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही. "चालते," त्या म्हणाल्या. "कपडा तं कपडा हाय." आणि पुन्हा कुणी काही म्हणायच्या आत दोन्ही मुखवटे माझ्या ओढणीत ठेवले. एवढ्या घाईने त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल. हात रिकामे झाले तेव्हा त्यांनी ते लुगड्याला पुसले, परत परत पुसले. भासरे दाराशी उभे होते. त्यांनी पेटी उचलून ऑटोत नेऊन ठेवली आणि तसेच वावराकडे निघून गेले.

पुढच्या भाद्रपदात महालक्ष्म्या अकोल्याला बसल्या. मला धड पुरण शिजवता येत नाही, म्हणून पोळ्या गल्लीतल्या एका बाईंकडून करून घेतल्या. फुलोऱ्याच्या करंज्या विकतच्या. आंबील तेवढी मी केली, ती जरा तळाला लागली. मोठ्याबाई आदल्या दिवशी गाडीने आल्या, खांद्यावर चौदा भाज्यांची पिशवी. मृगात त्या धुऱ्याने चालल्या होत्या तर! भासरे आले नाहीत. जनावरं कुणावर टाकून येणार?

जेवणाच्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "तुम्ही पाहुण्या आहात, बसा." त्यांना ते कसंतरीच वाटलं. दोनदा आल्या, दोनदा परत पाठवलं. मग आतल्या खोलीत पंख्याखाली पलंगावर टेकल्या. अकराच्या सुमाराला मी कुंकवाचा करंडा शोधत आत गेले, तर मोठ्याबाई झोपलेल्या. कुशीवर, हाताची उशी करून, तोंड थोडं उघडं. मी त्यांना कधी झोपलेलं पाहिलंच नव्हतं. आमच्या आधी उठायच्या, आमच्यानंतर पाठ टेकायच्या.

आरती झाली. घंटा, टाळ्या, फ्लॅटभर माणसं. त्या हलल्या नाहीत. हे मला म्हणाले, "वहिनीला उठवू का? नैवेद्य दाखवतोय."

"नका उठवू," मी म्हटलं. मला वाटत होतं, मी फार मोठं काहीतरी त्यांना देते आहे.

पंगत बसली, दुसरी बसली. लोक हात धुऊन, विडा घेऊन, चपला शोधून गेले. तासा-दोन तासांत सगळं आटोपलं, राहायला म्हणून कुणी थांबलं नाही. साडेचारला मी पायात गोळे आलेले घेऊन ओट्याशी भांडी विसळत होते, तेव्हा मोठ्याबाई दारात आल्या. केस विस्कटलेले, गालावर बांगडीचा वळ.

"आरती व्हाची हाय ना अजून?" त्यांनी विचारलं.

"झाली मोठ्याबाई. सगळ्यांची जेवणंही झाली. तुम्ही इतक्या गाढ झोपला होता, म्हटलं झोपू द्यावं."

त्या बाहेरच्या खोलीत गेल्या, महालक्ष्म्यांपुढे उभ्या राहिल्या. नैवेद्याचं पान, विझत आलेली समई, सतरंजीवर सांडलेला भात, सगळं बघितलं. परत आल्या आणि स्टुलावर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माह्याबिगर झालं सारं?" त्या म्हणाल्या. "पोया इकतच्या, करंज्या इकतच्या. तरी जेवली देवी?"

"जेवली."

त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग अगदी साध्या आवाजात, मोटारीबद्दल विचारावं तसं, मला विचारलं, "मंग इतके साल मी काय करून राहिली होती, सुमन?"

मी त्यांचं पान वाढलं. त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या, कढीत मीठ कमी आहे म्हणाल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेल्या. त्या माघात मोठ्याबाई वारल्या. हृदयाने थकवा धरला होता, डॉक्टर म्हणाले, बऱ्याच दिवसांपासून. महालक्ष्म्या आता माझ्याकडेच आहेत. माणसं जेवून जातात. गावी भासरे आहेत, पण आता दिवाळीलासुद्धा कुणी जमत नाही. जो तो म्हणतो, तिकडे आहे कोण?

त्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं. आम्ही गाडी बदलून, ऑटो करून, चिखल तुडवून तिथे यायचो ते देवीसाठी नव्हतं, तुमच्यासाठी होतं, एवढंच म्हणायचं होतं. पण माझे पाय दुखत होते, सिंकमध्ये भांड्यांचा ढीग पडला होता. मी म्हटलं, "आधी जेवून घ्या, मग बोलू."