इमामच्या हातच्या खुर्च्या

अकोल्याहून रुई घेऊन आलेल्या गाडीवानानं बैल सोडता सोडता विचारलं, "इमाम मिस्त्री गेले... तुमाले ठावं नाही?" महिना उलटला होता. अमरावतीत आम्ही दोघं एकाच गल्लीत वाढलो, आणि त्याच्या जाण्याची खबर मला अशी कळावी, यात दोष माझाच.

अमेरिकेत लढाई पेटली, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि माझ्यासारख्या कापसाच्या व्यापाऱ्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाच्या चार खुर्च्या माझ्या अंगणात पडून होत्या. रंगाचे पोपडे निघालेले, बैठकी फाटलेल्या. मी त्या चुलीत घालायला काढल्या, तर इमाम म्हणाला, "काहून जाळता भाऊ? लाकूड अजून भक्कम हाय." तो तेव्हा अकोल्याला स्थायिक झाला होता, तरी माझ्यासाठी पंधरा दिवस राहिला. ओसरीत बसून त्यानं लाकूड घासलं, जवसाच्या तेलात खललेला हिरवा रंग दिला. बाजारात धड कापड मिळेना. सगळा कापूस मुंबईच्या वाटेला लागलेला. मग मुलीच्या लग्नातल्या गादीसाठी ठेवलेलं लाल पट्ट्यांचं जाड कापड त्यानं घरून मागवलं. "तिच्या लग्नाले अवकाश हाय," म्हणाला.

शेवटच्या दिवशी, बैठक नीट झाली का ते पाहायला, तो एका खुर्चीवर टेकला होता. तेवढ्यात कापूस घेणारा मुंबईचा साहेब दारात आला. "ऊठ, ऊठ! साहेब येऊन राहिले," मी ओरडलो. इमाम उठला. खांद्यावरच्या फडक्यानं त्यानं बैठक पुसली आणि खांबापाशी उभा राहिला. साहेबानं खुर्च्या वाखाणल्या, कुठल्या म्हणून विचारलं... आणि मी इमामदेखत सांगितलं, "मुंबईहून मागवल्या."

इमाम हत्यारं गोळा करून गेला, तो पुन्हा आला नाही. पुढे मी कितीदा तरी अकोल्याला गेलो, पण त्याची गल्ली चुकवून.

मागच्या आठवड्यात अखेर त्याच्या घरी गेलो. त्याच्या मुलीनं, जैनबनं, सतरंजी अंथरली. "तुमीच का ते अमरावतीचे काका? अब्बा लई सांगत. मोठा साहेब आला होता, अन् तुमी सांगतलं, ह्या खुर्च्या माह्या इमामनं केल्या म्हणून..."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. ती डोळे पुसत हसत होती. मी नुसती मान हलवली.

काल ओसरीत बसलेल्या एका पाहुण्यानं विचारलं, खुर्च्या कोणाकडून करून घेतल्या? "अकोल्याच्या इमाम मिस्त्रीकडून," मी म्हणालो.

"आमच्याही करायच्या हायेत," तो म्हणाला. "बोलावता त्याले?"