पोत्याचं तोंड, पोत्याचं बूड

"रताळी बघायला कुणी बेळगावला जातं का?" निघताना नवऱ्यानं विचारलं. त्याला नवरात्रात रताळ्याचा कीस आयता ताटात लागतो. मी पिशवी उचलली आणि पुण्याहून बस पकडली.

निपाणी आली तशा दुकानांच्या पाट्या कन्नड झाल्या, पण शेजारच्या बाईंची बडबड काही मराठीतून हलेना. संकेश्वरला टायर पंक्चर झालं. कंडक्टर म्हणाला, "भजी खाऊन घ्या, येळ हाय." संकेश्वरच्या मिरचीचं नाव मी ऐकून होते, ओळख त्या दिवशी झाली. पुढे बेळगावपर्यंत मी रडतच गेले, आणि शेजारच्या बाईंनी माहेरून निघालीस का म्हणून माझी समजूत काढली.

येळ्ळूरला माझी आत्येबहीण राहते, आक्का. तिच्या घरात त्या आठवड्यात युद्धाचं वातावरण होतं. रानात (इथं शेताला रान म्हणतात) काय लावायचं हे लग्न झाल्यापासून दाजी ठरवत आले. त्यांचा जीव कोबीवर. यंदा आक्का अडून बसली आणि रताळी लावली. दाजींनी अट घातली, "घट बसायच्या आदी चांगला भाव आला, तर रान तुझं. न्हाय आला, तर पुन्ना माझ्या रानात तोंड घालायचं न्हाय."

घट बसायला चारच दिवस उरले होते. उत्तरेत नवरात्राचे उपवास कडक, त्यामुळे तिकडे जाणारे ट्रक आधीच भरतात आणि तोवर भाव चढा असतो. मग सगळ्या गावांची रताळी एकदम बाजारात येतात आणि कुत्रंही हुंगत नाही.

संध्याकाळी दाजी आपण होऊन पोती भरायला बसले. शेवटचा थर स्वतः लावला, दाभण घेऊन तोंडंही स्वतः शिवली. कुणाला हात लावू देईनात.

"एवढं शानपन कुटनं आलं म्हनायचं?" आक्का म्हणाली. पण सुखावली होती बिचारी.

सकाळी टेम्पोतून बेळगावच्या बाजारात गेलो. उप्पीट (आपला उपमाच, पण तुपाला हात आखडता न घेतलेला) खाऊन अडत्याच्या दुकानापुढं उभे राहिलो. ट्रक भरणारे व्यापारी पोती बघत फिरत होते. आमच्याकडे निपाणीकडचे एक जैन अण्णा आले. ते स्वतः जमिनीखालचं काही खात नाहीत, आणि रताळ्यांचे ट्रक भरतात. मला राहवलं नाही, विचारलंच.

"खात न्हाय म्हनून तर नीट बघतो," अण्णा म्हणाले. "खानाऱ्याला भूक दिसती, माल दिसत न्हाय."

पोत्याचं तोंड सोडलं. वर करंगळीएवढी, वाकडी, कुदळ लागून चिरलेली रताळी. आक्काचा चेहरा पडला. "ही आमच्यातली निवडून टाकलेली हायेत," ती पुटपुटली. दाजी लांबवर कोबीच्या गाडीकडे बघत होते. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला आणि मला त्यांचा भयंकर राग आला. चार महिने ती बाई चिखलात वाकून वेल पलटत होती! स्वतःच्याच मालाचा भाव पाडायला निघालेला माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. पण खरं सांगायचं तर पैसा येतो-जातो, बायकोपुढची हार जन्मभर ऐकून घ्यावी लागते.

अण्णा मात्र हलले नाहीत. "आक्का, तोंड कोन बघतंय? समदी चांगला माल वर लावत्यात आन् कचरा खाली." त्यांनी हमालाला खूण केली. हमालानं पोतं उलटं केलं.

गुलाबी, जाडजूड, एकसारखी रताळी घरंगळत आमच्या पायाशी आली. अण्णांनी दुसरं पोतं उलटायला लावलं, मग तिसरं. सगळीकडे तेच.

"हितंच म्हातारा झालो," अण्णा म्हणाले, "पर चांगला माल खाली दडवनारा मानूस आज बघितला. लई सरळ लोक दिसताय तुमी." आणि त्या सकाळचा सगळ्यात वरचा भाव त्यांनी आमच्या रताळ्यांना दिला.

आक्कानं दाजींकडे पाहिलं. "अहो, पोती तुमीच भरलासा न्हवं?"

"व्हय."

"मग पुढच्या वर्षी बी तुमीच भरा."

टेम्पो सुटला तरी दाजी वळून वळून कोबीच्या गाडीकडे बघत होते. आक्का मात्र पुढच्या साली कुठल्या तुकड्यात काय लावायचं ते मला सांगत होती, आणि कोबीचं नावही घेत नव्हती.

दुसऱ्या दिवशी निघताना दाजींनी माझ्या हातात रताळ्यांची भरलेली पिशवी दिली. परतीची बस संकेश्वरला थांबली तेव्हा मी भज्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माणूस एवढंतेवढं शिकतोच.

घरी आल्यावर पिशवी उघडली. वर गुलाबी, जाडजूड रताळी. नवरा खूश झाला, म्हणाला, "वा, काय माल आहे." मी पिशवी ओट्यावर उलटी केली.

बुडाशी सगळी करंगळीएवढी.

दाजीही शिकले होते.