फ्रेंच बचावाची तिसरी चाल

बुद्धिबळ मला शिकवलं ते ऑफिसातल्या एका सीनियर ड्राफ्ट्समननी. नागपूरकडचे. जेवणाच्या सुट्टीत ते रोज पट मांडायचे. फ्रेंच बचाव ही काळ्या मोहऱ्यांनी डाव सुरू करायची पद्धत त्यांच्याकडूनच शिकलो आणि पुढे आयुष्यभर तेवढाच खेळलो. ते रिटायर होऊन शहराच्या टोकाला मिसरोदला राहायला गेल्यावर भेटी जवळपास बंदच झाल्या.

गेल्या वर्षी अशोका गार्डनमधल्या आमच्या क्लबच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत नेमके तेच समोर आले. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, सोबत होत्या. त्या भिंतीलगतच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

माझ्या या जुन्या गुरूंनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, मी माझं एक घर. मग दोघांनी वजिरापुढची प्यादी दोन-दोन घरं काढली. आता त्यांचं मधलं प्यादं माझ्या माऱ्यात होतं. इथे काय काय करता येतं, हे त्यांनीच मला कितीतरी दुपारी समजावलं होतं. ते मात्र थांबले. त्यांचं घड्याळ चालू होतं. बऱ्याच वेळानं ते वाकून हळूच म्हणाले, "पुढे काय खेळतात रे इथे?"

मला वाटलं, गंमत करतायत. वर पाहिलं तर तसं नव्हतं.

"अंकल, बातचीत नहीं," पंच म्हणाले.

मी चालींच्या कागदाकडे बघत राहिलो. शेवटी त्यांनी उंटानं प्याद्याला जोर दिला. मी ते प्यादं मारलं, त्यांच्या उंटानं माझं मारलं आणि मी घोडा काढून त्या उंटावरच हल्ला केला. तिथून डाव माझ्या बाजूला झुकला. मात्र मधला खेळ ते चांगला खेळले, एकदा तर माझा हत्ती जाता जाता वाचला. शेवटी माझी दोन प्यादी जास्त होती. बरोबरीत सोडवायचा का, मी विचारलं.

"का? हरतोय मी," ते म्हणाले. "नीट संपव."

मी संपवला. त्यांनी हात मिळवला, सही केली आणि पाणी प्यायला गेले.

वहिनी जवळ आल्या. "हिवाळ्यापासून असंच चाललंय. डॉक्टरांना दाखवलंय. पण खेळायला जायचंच म्हणाले."

"मला आधी सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम हरला असता. ते त्यांना चाललं नसतं."

पुढच्या फेरीच्या जोड्या लागल्या. ते सहाव्या टेबलावर गेले, मी दुसऱ्या. तो डाव मी हरलो. ते जिंकले.