सरकलेली गाठ

दोरीवाले काका रागावलेले नव्हते असा दिवस त्यांच्या गॅरेजच्या आसपास कोणाला आठवत नाही. वय एकसष्ट. धंदा डेंटरचा, म्हणजे गाड्यांचा पत्रा ठोकून, कापून, जोडून सरळ करण्याचा. राग गंजावर, पुट्टीवर आणि चहा आणायला उशीर करणाऱ्यावर. बायको म्हणते, "यांचं नाक फक्त राग ठेवायला आहे. वास तर कधीच येत नाही." वास खरंच येत नाही, चाळीस वर्षं वेल्डिंगचा धूर त्या नाकात गेला आहे.

नाव पडलं ते एका सवयीवरून. दरवाज्याखालचा पत्रा कापायचा, तर काका आधी दरवाज्याच्या चौकटीत वरच्या कोपऱ्यापासून खालच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी सुती दोरी ताणतात, बरोबर मापावर गाठ मारतात आणि दोरी भिंतीवरच्या खिळ्याला टांगतात. आकडा माणूस चुकीचा वाचू शकतो, गाठ वाचावी लागत नाही, हे त्यांचं म्हणणं. काम झाल्यावर दोरी पुन्हा ताणायची. गाठ कोपऱ्यावर आली तरच गाडी बाहेर.

यंदा उजवा खांदा वर जाईना, तेव्हा गॅरेज मेहुण्याला द्यायचं ठरलं. हा बायकोचा धाकटा भाऊ, सदतीस वर्षांचा, नऊ वर्षं काकांच्याच हाताखाली. हात चपळ, तोंड त्याहून चपळ. अट एकच होती: एक गाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने करायची. ती काकांनी पास केली की शटरची किल्ली त्याची.

गाडी आली ती रोपवाटिकावाल्या बाईंची जुनी पिकअप. मागचा हौदा रोपांनी भरला की उरलेल्या ओल्या कुंड्या बाई केबिनमध्ये पायाशी ठेवत. वर्षानुवर्षं ठेवल्या. काकांनी रबरी मॅट उचलली तर खाली तळ नव्हता, गॅरेजची फरशी होती.

"बाई, ही गाडी आहे की टाकी?"

"टाकीत पाणी राहतं तरी. चालवताना मला रस्ता दिसतो, काका. समोरचा नाही, खालचा."

दरवाज्याखालची लांब पोकळ पट्टी, जिच्यावर केबिनचा ताठपणा टिकून असतो, ती दोन्ही बाजूंनी सडली होती. मागे कोणीतरी तिच्यात चिंध्या कोंबून वरून पुट्टी लावली होती. काकांनी चिंध्या एकेक करून ओढून काढल्या आणि त्या अनोळखी कारागिराला अर्धा तास शिव्या घातल्या. मग मेहुण्याकडे वळले.

"एका वेळी एकच बाजू. कापायच्या आधी चौकटीत आधाराला लोखंडी अँगल ठोकून वेल्डिंगचे टाके मार. नाहीतर केबिन बसेल."

"माहीत आहे, दाजी. नऊ वर्षं ऐकतोय."

"ऐकतोयस, ते मलाही माहीत आहे."

अकरा दिवस काका घरी बसले. बाराव्या दिवशी बायकोनेच त्यांना बाहेर काढलं. "तुम्ही तिकडे असलात की गॅरेज बोलणी खातं, इथे असलात की मी."

पिकअप तयार उभी होती. तळाचा पत्रा नवा, वेल्डिंग सुबक, खालून काळा थर. काकांनी डावा दरवाजा लावला. ठप्प. उजवा लावला. तोही लागला, पण आधी बारीक कट आणि मग ठप्प. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा कट.

त्यांनी खिळ्यावरची उजवीकडची दोरी काढून चौकटीत ताणली. गाठ नेमकी कोपऱ्यावर.

"बघा," मेहुणा हात पुसत म्हणाला. "आता काय म्हणणं आहे?"

काका दोरी घेऊन उजेडात गेले. ती हाताच्या मळाने काळपट झाली होती. फक्त गाठीपासून अर्धं बोट अंतरावर एक तुकडा पांढरा होता, चुरगळलेला. तिथे आधी गाठ होती. मग त्यांनी दरवाज्याच्या मागच्या कडेवरून अंगठा फिरवला. दरवाजा लागावा म्हणून कड कानशीने घासलेली होती, वर ताजा रंग.

"अँगल लावला होतास?"

"डावीकडे लावला होता." मेहुणा जमिनीकडे बघत होता. "उजवीकडे वाटलं, तासाभराचं काम आहे. केबिन मागून अर्धं बोट बसली. पण दरवाजा लागतोय ना, दाजी. बाईंना काय कळणार आहे?"

"केबिन माझ्या हातूनही बसली आहे. दोनदा," काका म्हणाले. "गाठ नाही सरकवली मी."

आवाज चढला नाही. गॅरेजमध्ये असं पहिल्यांदाच घडलं आणि शेजारचा टायरवाला काम थांबवून बघायला आला. काकांनी ग्राइंडर उचलला आणि नवी कोरी पट्टी कापायला घेतली. अर्ध्यावर खांद्याने साथ सोडली. ग्राइंडर खाली ठेवावा लागला.

"द्या, मी करतो."

"हात लावू नकोस. घरी जा."

दुपारी बाई गाडी न्यायला आल्या. काकांनी चूक सांगितली, आठ दिवस मागितले.

"आणि रोपं डोक्यावर नेऊ?" बाई भडकल्या. मग काकांचा चेहरा बघून म्हणाल्या, "रागवायचं मी की तुम्ही?"

"दोघांनी."

घरी बायको भावाची बाजू घेईल म्हणून काका तयारीत होते.

"दुसरा कोणी असता तर तिथेच हाकलला असता," ते म्हणाले.

"मग हाकला. माझं नाव मध्ये आणू नका. गाठ सरकवली ती त्याने, मी नाही." तिने ताट आपटलं. "पण कापून ठेवलेली गाडी पुरी कोण करणार? तुमचा खांदा?"

मेहुणा दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. उरलेली पट्टी कापली, केबिन मागून जॅकवर उचलली. मग खिळ्याकडे हात नेला.

"ती दोरी खोटी झाली," काका म्हणाले. "नवी घे. डावीकडच्या चौकटीवर माप घे आणि इकडे ताण."

त्याने ताणली. "गाठ आली कोपऱ्यावर."

"परत मोज."

"आली, दाजी."

"परत."

"तीनदा झालं."

"दहादा करशील."

त्याने दहादा केलं, प्रत्येक वेळी जरा जास्त जोराने दोरी ओढत. मग अँगल ठोकला. घासलेल्या कडेवर वेल्डिंगचा थर भरायला आणि तो कानशीने आकारात आणायला आणखी दोन दिवस गेले. नवव्या दिवशी पिकअप गेली. दोन्ही दरवाज्यांचा आवाज एक होता. बाईंनी त्याबद्दल काही म्हटलं नाही; त्यांनी पायाशी दोन ओल्या कुंड्या ठेवल्या. काकांनी त्या उचलून मागे ठेवल्या.

किल्ली मेहुण्याला मिळालेली नाही. "पुढची गाडी बघू," एवढंच काका म्हणतात, आणि मधल्या काळात चार गाड्या होऊन गेल्या. सकाळी कुलूप काका उघडतात. खांद्यामुळे शटर त्यांना उचलवत नाही, ते मेहुणा उचलतो, आणि तिरकं उचललं म्हणून रोज बोलणी खातो.